कासवांच्या गावाला जाताना : ग्रांद रिव्हिएरबद्दल सोलापूरकरांचे प्रश्न

गेल्या अंकात आम्ही त्रिनिदाद बेटाच्या उत्तर किनाऱ्यावरच्या ग्रांद रिव्हिएर या गावाची ओळख करून दिली होती. मागे डोंगर आणि कोकोच्या जुन्या बागा, गावातून समुद्राला मिळणारी नदी, जेमतेम किलोमीटरभर पुळण आणि मार्च ते ऑगस्टमध्ये त्या पुळणीवर अंडी घालायला येणारी लेदरबॅक कासवं, एवढंच या गावाचं वैभव. मोठी हॉटेलं नाहीत, बाजार नाही. त्यावर सोलापूर शहरातून आणि जिल्ह्यातून बरीच पत्रं आली. पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न इथे घेतले आहेत. उत्तरं आमच्या प्रवास विभागाची आहेत.

मुलांच्या उन्हाळी सुट्टीत कॅरिबियनला जायचा विचार आहे. आमचा एजंट पॅकेजमध्ये ग्रांद रिव्हिएरचा एक दिवस जोडून देतो म्हणतोय. एक रात्र पुरेल का? (जुळे सोलापूर)

नाही पुरणार. एका रात्रीसाठी जाणार असाल तर हे गाव यादीतून काढून टाकलेलं बरं.

कारण साधं आहे. त्रिनिदादचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे आहे. तिथे रात्रीचे आठ वाजतात तेव्हा सोलापुरात पहाटेचे साडेपाच झालेले असतात. म्हणजे पहिल्या रात्री, कासवं वर यायच्या ऐन वेळेला, तुमचं शरीर रात्रभर जागल्यासारखं झालेलं असतं. मुलं तर जेवतानाच डुलक्या घेतात. त्यात विमानतळापासून गावापर्यंत अडीच-तीन तासांचा वळणावळणाचा रस्ता. पहिली रात्र झोपेसाठी सोडा, दुसरी आणि तिसरी कासवांसाठी ठेवा. तीन रात्री हा किमान हिशेब. चार मिळाल्या तर दिवसही सत्कारणी लागतात.

सुट्टीचा काळ मात्र तुमच्या बाजूने आहे. एप्रिल-मे हा अंडी घालण्याचा भराचा हंगाम. अंडी वाळूत साधारण ६० ते ६५ दिवस राहतात, त्यामुळे मार्चमध्ये घातलेल्या अंड्यांतून मेच्या मध्यापासून पिल्लं बाहेर पडू लागतात. मोठी मादी आणि पिल्लं दोन्ही बघायची असतील तर मेचा शेवटचा आठवडा ते जूनचा पहिला आठवडा हा काळ धरा. फक्त दोन गोष्टी लक्षात ठेवा. जूनपासून तिथला पावसाळा सुरू होतो. शिवाय ३० मे रोजी तिथे ‘इंडियन अरायव्हल डे’ची सुट्टी असते. १८४५ साली याच तारखेला भारतातून मजुरांना घेऊन गेलेलं ‘फतेल रझाक’ हे पहिलं जहाज तिथे लागलं होतं. या सुट्टीला जोडून शनिवार-रविवार आला की शहरातले लोक किनाऱ्याकडे धाव घेतात आणि गावातल्या मोजक्या खोल्या भरून जातात. बुकिंग चार-पाच महिने आधी करा.

त्रिनिदादला व्हिसा लागत नाही असं वाचलं. मग मुंबईहून थेट तिकीट काढायला हरकत नाही ना? (रेल्वे लाइन्स)

भारतीय पासपोर्टवर पर्यटनासाठी ९० दिवसांपर्यंत त्रिनिदाद-टोबॅगोचा व्हिसा लागत नाही, हे खरं. पण मुंबईहून थेट विमान नाही, आणि लोक अडकतात ते वाटेतल्या देशात. अमेरिकेतून जायचं तर विमानतळाबाहेर पाऊल टाकणार नसलात तरी अमेरिकेचा व्हिसा हवाच, कारण तिथे नुसतं विमान बदलणाऱ्यालाही इमिग्रेशनमधून जावं लागतं. टोरांटोमार्गे गेलात तर कॅनडाचा ट्रान्झिट व्हिसा लागतो. लंडनमार्गे भारतीयांना ट्रान्झिट व्हिसा लागतो. अमेरिका, कॅनडा अशा काही देशांचा वैध व्हिसा हातात असेल तर त्यातून सूट मिळू शकते. लंडनमध्ये एका विमानतळावर उतरून दुसऱ्यावरून पुढचं विमान असेल तर प्रकरण आणखी वाढतं. स्वस्त तिकिटांत असं सर्रास असतं, तेव्हा विमानतळाचं नाव दोन्ही ठिकाणी वाचा.

म्हणून क्रम असा ठेवा : आधी मार्ग, मग त्या मार्गाचा ट्रान्झिट नियम, मग तिकीट. सगळा प्रवास एकाच तिकिटावर असावा. दोन वेगळी तिकिटं असली की सामान मध्ये उतरवून पुन्हा द्यावं लागतं, आणि त्यासाठी त्या देशात प्रवेश करावा लागतो.

पोर्ट ऑफ स्पेनजवळच्या पियार्को विमानतळावर परतीचं तिकीट, राहण्याचा पत्ता आणि खर्चाची सोय विचारतात. गावातल्या मुक्कामाच्या बुकिंगचा कागद छापून जवळ ठेवा. फोनची बॅटरी संपली म्हणून रांगेतून बाजूला उभं राहायची पाळी नको.

पिवळ्या तापाची लस घ्यावीच लागते का? तिथे तर कुणी विचारत नाही म्हणतात. (होटगी रस्ता)

घ्यावीच लागते. ही लस जाताना उपयोगी पडेल तेवढीच येतानाही लागते, आणि नेमकं हेच कुणी सांगत नाही.

भारतात पिवळा ताप नाही, पण तो पसरवणारे एडीस डास आपल्याकडे भरपूर आहेत. तेच डास डेंगीही पसरवतात. त्यामुळे ज्या देशांत पिवळ्या तापाचा धोका आहे तिथून येणाऱ्यांबाबत आपलं सरकार कडक आहे. त्रिनिदाद बेट त्या यादीत आहे. तिथून निघाल्यापासून सहा दिवसांच्या आत, वैध प्रमाणपत्र नसताना मुंबईत उतरलात, तर ते सहा दिवस पूर्ण होईपर्यंत तुम्हाला विलगीकरणात ठेवलं जाऊ शकतं. भारतीय नागरिक असलात तरीही.

लस एकच, अर्ध्या मिलिलिटरची. ती घेतल्यापासून दहाव्या दिवशी प्रमाणपत्र लागू होतं आणि २०१६ पासूनच्या आंतरराष्ट्रीय नियमानुसार ते जन्मभर चालतं. लस केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या यादीतल्या केंद्रातच घ्यायची. इतर कुठल्याही दवाखान्यातली चिठ्ठी विमानतळावर चालत नाही. मुंबईत विमानतळ आरोग्य संस्था आणि बंदर आरोग्य संस्था यांची केंद्रं आहेत. वेळ आधी ठरवून घ्यावी लागते. सोलापूरहून रात्रीच्या सिद्धेश्वर एक्स्प्रेसने गेलात तर सकाळी मुंबईत पोहोचून त्याच दिवशी काम उरकता येतं. जाताना मूळ पासपोर्ट न्या. प्रमाणपत्रावर पासपोर्टचा क्रमांक लिहितात, तेव्हा पासपोर्टचं नूतनीकरण करायचं असेल तर ते आधी उरका.

ही जिवंत, क्षीण केलेल्या विषाणूंची लस आहे आणि ती कोंबडीच्या अंड्यातल्या गर्भात वाढवतात. अंड्याची तीव्र ॲलर्जी, गर्भारपण, प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं, थायमस ग्रंथीचा आजार, नऊ महिन्यांच्या आतलं बाळ : यातलं काही असेल तर आधी डॉक्टरांशी बोला. साठीपुढच्यांना ही लस पहिल्यांदाच द्यायची असेल तर दुष्परिणामांचा धोका थोडा जास्त असतो, त्यामुळे आजी-आजोबांना सोबत न्यायचं की नाही हे लशीपासून ठरवायला लागा. गोवर, कांजिण्या यांसारखी दुसरी जिवंत लस घ्यायची असेल तर ती त्याच दिवशी, नाहीतर चार आठवड्यांच्या अंतराने.

कासवं बघायला रात्री किनाऱ्यावर नेमकं काय करायचं असतं? आपल्या वेळासला सकाळी पिल्लं सोडताना बघतात, तसंच असतं का? (बार्शी)

वेळासला ऑलिव्ह रिडलेची अंडी कुंपणात हलवून जपतात आणि पिल्लं निघाली की सकाळ-संध्याकाळ ठरल्या वेळी समुद्रात सोडतात. ग्रांद रिव्हिएरला कासव स्वतः, त्याच्या वेळेला, अंधारात येतं, आणि आपण त्याच्यामागे थांबायचं असतं.

हंगामात, म्हणजे १ मार्च ते ३१ ऑगस्ट, रात्री या पुळणीवर परवान्याशिवाय आणि स्थानिक वाटाड्याशिवाय जाता येत नाही. परवाना तिथल्या वन विभागाचा. मुक्कामाच्या ठिकाणी किंवा गावातल्या वाटाड्यांच्या संस्थेकडे दुपारीच सांगितलं की ते सोय करतात. गट लहान असतात. रात्री आठच्या सुमारास निघायचं आणि दोन-तीन तास हाताशी ठेवायचे.

लेदरबॅक हे जगातलं सगळ्यात मोठं कासव. या भागातली मादी दीड मीटरच्या पुढे लांब आणि तीनशे ते पाचशे किलोंपर्यंत भरते. पाठीवर कवच नसतं, काळी, रबरी कातडी असते आणि तिच्यावर डोक्याकडून शेपटीकडे सात उभ्या कडा. ती समुद्रातून वर आली की आधी पुढच्या वल्ह्यांसारख्या पायांनी वाळू उडवून अंगाएवढी जागा करते. या वेळी तिच्या जवळ जायचं नाही. उजेड दिसला, हालचाल दिसली तर ती अंडी न घालताच परत फिरते. मग मागचे पाय कामाला लागतात. एक पाय खाली जातो, त्याची कड आत वळते, मूठभर ओली वाळू वर येते आणि बाजूला ठेवली जाते. मग दुसरा. डोळ्यांना न दिसणारा खड्डा ती नुसत्या स्पर्शावर सत्तर सेंटीमीटरच्या आसपास खोल खणते, आणि बाजू ढासळत नाहीत कारण खालची वाळू ओलसर असते. वरची वाळू फार कोरडी असली की खड्डा सारखा बुजतो आणि कधी कधी ती तो सोडून पुढे सरकते.

अंडी पडायला लागली की ती स्थिरावते. वाटाड्या तुम्हाला पुढे बोलावतो तो याच वेळी, आणि उभं राहायचं ते मागच्या बाजूला, डोक्यासमोर कधीही नाही. साधारण ऐंशी अंडी, प्रत्येक पाच सेंटीमीटरच्या आसपास, आणि शेवटी काही लहान, बलक नसलेली. हे दहा-पंधरा मिनिटांत आटोपतं. नंतर ती खड्डा बुजवते, वर वाळू दाबते आणि मग बराच वेळ इकडेतिकडे वाळू उडवून नेमकी जागा लपवते. सगळं मिळून दीड-दोन तास. डोळ्यांतून चिकट पाणी वाहताना दिसेल. ते रडणं नव्हे, अंगातलं जास्तीचं मीठ त्या वाटे बाहेर जातं. एकच मादी एका हंगामात नऊ-दहा दिवसांच्या अंतराने पाच-सहा वेळा येते, आणि मग दोन-तीन वर्षं येत नाही.

नियम पाळायचे ते हे : पांढरा उजेड अजिबात नाही, वाटाड्याच्या लाल दिव्यावर भागवायचं. फ्लॅश नाही. फोन खिशात बंद, कारण स्क्रीनचा उजेडही पुरे होतो. कपडे गडद रंगाचे. अत्तर नको. वाटाड्या सांगेपर्यंत हात लावायचा नाही. फोटो हवेच असतील तर पहाटे साडेपाचला पुळणीवर या. भराच्या हंगामात एखाद-दुसरी मादी उजाडेपर्यंत वाळूवर असते आणि नैसर्गिक उजेडात, लांबून, तिला काही त्रास न देता फोटो मिळतो.

एक गोष्ट मुलांना आधीच सांगून ठेवा. सकाळी पुळणीवर फुटलेली अंडी आणि ती टिपणारी काळी गिधाडं दिसतात. जागा थोडी आणि कासवं पुष्कळ, त्यामुळे नवीन मादी खणताना आधीच्या मादीचं घरटं उकरलं जातं. नदीही पात्र बदलते आणि पुळण खाऊन टाकते. २०१२ मध्ये नदीचं वळलेलं पात्र सरळ करायला यंत्रं आणली गेली तेव्हा हजारो अंडी आणि पिल्लं चिरडली गेली, आणि त्याची बातमी जगभर झाली. पूर्वी इथे मांसासाठी कासवं मारत. आज त्याच गावातली माणसं रात्ररात्र जागून त्यांची राखण करतात आणि त्यावर त्यांचं घरही चालतं. वाटाड्याचे पैसे देताना घासाघीस करू नका.

आम्ही शुद्ध शाकाहारी, अंडंही खात नाही. उपाशी राहायची वेळ येईल का? (भवानी पेठ)

त्रिनिदादमध्ये नाही, पण ग्रांद रिव्हिएरमध्ये सोय आधी करावी लागेल. या देशातले तिसऱ्या हिश्श्याहून जास्त लोक भारतीय वंशाचे आहेत, पण त्यांची वस्ती मुख्यतः मध्य आणि दक्षिण भागात. उत्तर किनाऱ्यावरच्या गावांत मासे आणि कोंबडी हेच रोजचं जेवण.

वाटेत अरिमाजवळ सकाळी गाड्यांवर ‘डबल्स’ मिळतात, ते पोटभर खाऊन घ्या. हळद घातलेल्या मैद्याच्या पिठाचे दोन मऊ तळलेले ‘बारा’, त्यांवर रस्सेदार छोले, वर काकडी, चिंचेची चटणी, आंब्याचं तिखट ‘कुचेला’. अंडं नाही, मांस नाही. तिखट किती हवं ते विचारतात. ‘स्लाइट’ म्हणा. तिथली स्कॉच बॉनेट मिरची आपल्या लवंगी मिरचीपेक्षा कितीतरी जहाल असते, सोलापूरच्या तिखटाची सवय असली तरीही. डाळीचं सारण भरलेली ‘दालपुरी’ आणि त्यासोबत बटाटा-छोले किंवा भोपळा हेही निर्धास्त खावं.

गावात मुक्काम ठरवतानाच कळवा : मांस, मासे, कोंबडी, अंडं काहीच नको. नुसतं ‘व्हेजिटेरियन’ म्हटलं तर मासे ताटात येऊ शकतात. ‘कॅलालू’ ही अळूच्या पानांची, भेंडी आणि नारळाचं दूध घातलेली भाजी दिसायला आपल्या फतफत्याच्या जवळची, पण तिच्यात अनेकदा खेकडा किंवा खारवलेलं डुकराचं मांस घालतात. ‘मॅकरोनी पाय’मध्ये अंडं असतं. ‘पेलाव’ भातात बहुधा कोंबडी. भाजलेलं वांगं किंवा टोमॅटो ठेचून केलेला ‘चोका’, उकडलेले कंद, पिकलेली तळलेली केळी, नारळाचा ‘बेक’ हे मागा. चोका हा आपल्या भरीताचाच भाऊबंद आहे, तो मुलांना नक्की आवडेल.

मग कडक भाकरी आणि शेंगा चटणी न्यावी का? आणि आणखी सामान काय न्यायचं? (साखर पेठ)

न्या, पण बंद पाकिटातली, लेबल असलेली, आणि कस्टमच्या फॉर्मवर खाद्यपदार्थ म्हणून जाहीर करून. ताजी फळं, बिया, रोपं, कढीपत्ता, दुग्धजन्य पदार्थ नकोत. तिथली हवा सोलापूरसारखी कोरडी नाही. कडक भाकरी उघड्यावर ठेवलीत तर संध्याकाळपर्यंत वातड होते, आणि दाण्याचं कूट दमट उकाड्यात लवकर खवट होतं. झाकण घट्ट बसणारा डबा हवा, आणि चटणीची पाकिटं लहान-लहान घ्या, एक संपल्यावरच दुसरं फोडायचं.

याच कारणाने जाड टर्किश टॉवेल घरीच ठेवा. तिथे तो दोन दिवस वाळत नाही. पातळ पंचा न्या. रात्रीही हवा उबदार असते, त्यामुळे चादर नेली तर ती यजमानांना भेट द्यायलाच.

वीज ११५ व्होल्टची, प्लगच्या पिना अमेरिकेसारख्या चपट्या. फोन आणि लॅपटॉपचे चार्जर चालतात. आपली २३० व्होल्टची किटली किंवा कॉइल मात्र तिथे साधारण पाव ताकदीने तापते. हजार वॉटची किटली अडीचशेची होते आणि चहाला पाणी उकळता उकळत नाही.

डास आणि वाळूतल्या बारीक माश्यांसाठी २० ते ३० टक्के डीईईटी असलेलं मलम, गडद रंगाचे पूर्ण बाह्यांचे सुती कपडे, लाल उजेडाची बॅटरी, भिजल्यावर लवकर वाळणाऱ्या चपला. लष्करी छापाचे, म्हणजे कॅमोफ्लाज कपडे कुणीही, अगदी लहान मुलांनीही, घालायचे नाहीत. त्रिनिदादमध्ये ते कायद्याने गुन्हा आहे. ड्रोनही नेऊ नका.

स्वतः गाडी चालवत जाता येईल का? (एमएच-१३ वाले आम्ही, घाटाची सवय आहे.) (अक्कलकोट रस्ता)

येईल. तिथेही रस्त्याच्या डाव्या बाजूनेच चालवतात. सोलापूरच्या आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढून घ्या : फॉर्म ४-ए, एक हजार रुपये शुल्क, मुदत एक वर्ष. मूळ परवानाही सोबत लागतो.

पियार्कोहून चर्चिल-रूझवेल्ट महामार्गाने अरिमाच्या बाजूने व्हॅलेन्सियाला जायचं. तिथून टोको मेन रोड धरायचा : मातुरा, सालिबिया, बालांद्रा, टोको. टोकोनंतर पारिया मेन रोडने सां सूसी ओलांडलं की ग्रांद रिव्हिएर. रस्ता पुढे मॅटलॉटला संपतो. पेट्रोल आणि रोख पैसे अरिमा किंवा सांग्रे ग्रांदेलाच भरून-काढून घ्या.

घाटाची सवय इथे उपयोगी पडेल, पण दोन फरक आहेत. पूल अरुंद, एका वेळी एकच गाडी जाईल असे आहेत. आणि पावसाने दरड खाली आलेली असते किंवा रस्त्याची कड खचलेली असते, पण तिथे फलक असेलच असं नाही. सूर्य सव्वासहाच्या सुमारास मावळतो आणि मग डोंगरात दिवे नाहीत. दुपारी दोनच्या आत विमानतळावरून निघता येणार नसेल तर ती रात्र पियार्कोजवळ काढा.

गाडी नको असेल तर मुक्कामाच्या ठिकाणाहून ड्रायव्हर मागवणं सगळ्यात सोपं. भाड्याच्या अधिकृत गाडीचा नंबर ‘एच’ने सुरू होतो. ‘पी’ म्हणजे खासगी गाडी, ती टॅक्सी म्हणून थांबली तरी बसू नका.

समुद्रात पोहता येतं का? मुलं स्विमिंग टँकमध्ये छान पोहतात. (सात रस्ता)

मुलांना समुद्रात सोडू नका. पुळण उतरती आहे, लाट थेट काठावर फुटते आणि परतताना पाय ओढून नेते. तिथे जीवरक्षक असेलच असं धरून चालू नका. डुंबायला नदी आहे, गोड्या पाण्याची आणि उथळ. फक्त डोंगरात पाऊस झाला की ती झपाट्याने फुगते. पाणी गढूळ व्हायला लागलं, पालापाचोळा वाहून यायला लागला, की लगेच बाहेर.

दोघी मैत्रिणी जाणार आहोत. त्रिनिदादबद्दल गुन्हेगारीच्या बातम्या वाचून घरचे घाबरलेत. (विजापूर रस्ता)

त्यांची काळजी निराधार नाही. वाढत्या हिंसाचारामुळे त्या देशात डिसेंबर २०२४ मध्ये आणि पुन्हा जुलै २०२५ मध्ये आणीबाणी जाहीर झाली. हा हिंसाचार मुख्यतः टोळ्यांचा, आणि राजधानीच्या व तिच्या पूर्वेकडच्या काही वस्त्यांत एकवटलेला. ग्रांद रिव्हिएरसारख्या गावात सगळे सगळ्यांना ओळखतात. तरीही तिकीट काढण्यापूर्वी आणि निघण्याच्या आठवड्यात भारताच्या परराष्ट्र मंत्रालयाच्या आणि पोर्ट ऑफ स्पेनमधल्या भारतीय उच्चायुक्तालयाच्या सूचना वाचा. परिस्थिती बिघडलेली असेल तर एक हंगाम पुढे ढकला. कासवं पुढच्या वर्षीही येणार आहेत.

गेलात तर दिवसा उतरणारं विमान घ्या, राजधानीत पायी फिरणं टाळा, सुनसान किनाऱ्यांवर दोघीच जाऊ नका, दागिने घरी ठेवा. पोलिसांचा नंबर ९९९, रुग्णवाहिका ८११. जवळचं मोठं रुग्णालय सांग्रे ग्रांदेला, म्हणजे गावापासून बरंच लांब. प्रवास विम्यात रुग्णाला हलवण्याचा खर्च धरलेला आहे ना, ते पाहून घ्या.

गावात कुणी समोर आलं की आधी ‘गुड मॉर्निंग’, अंधार पडल्यावर ‘गुड नाइट’ म्हणायचं, आणि मगच कामाचं बोलायचं. दुकानात शिरतानाही. हे न करता थेट भाव विचारला तर ते उर्मटपणाचं समजतात.

तिथे यूपीआय चालतं का? (पंढरपूर)

जुलै २०२५ मध्ये आपल्या पंतप्रधानांच्या त्रिनिदाद दौऱ्यात यूपीआयची चर्चा झाली, त्यावरून तुम्ही विचारत असाल. गावात त्यावर विसंबू नका. अमेरिकी डॉलर न्या, पियार्कोला उतरल्यावर गरजेपुरते त्रिनिदादी डॉलर घ्या. एका अमेरिकी डॉलरला साधारण पावणेसात मिळतात. वाटाड्या, जेवण, छोटी दुकानं यांना रोखच लागतं. उरलेले त्रिनिदादी डॉलर भारतात कुणी बदलून देत नाही, ते तिथेच संपवा.

रात्री कासवं, पण दिवसभर करायचं काय? (बाळे)

पहाटे वाटाड्यासोबत ‘पावी’ बघायला जा. हा रानकोंबडीच्या लांबच्या नात्यातला मोठा काळा पक्षी जगात फक्त त्रिनिदादमध्ये उरला आहे आणि नामशेष होण्याच्या काठावर आहे. गावामागच्या जायफळाच्या झाडांवर तो उजाडताना येतो, आठनंतर सहसा दिसत नाही. कोकोच्या बागा दाखवणारेही गावात आहेत. जगभर गाजलेली ट्रिनिटारिओ ही कोकोची जात याच बेटावरची.

टोकोजवळच्या गॅलेरा पॉइंटला १८९७ चा दीपस्तंभ आहे. भालाफेकीत २०१२ चं ऑलिंपिक सुवर्ण जिंकणारा केशॉर्न वॉलकॉट टोकोचाच, आणि दीपस्तंभाला आता त्याचं नाव आहे. २०२५ च्या टोकियोतल्या जागतिक स्पर्धेतही तोच पहिला आला. आपला नीरज चोप्रा त्या दिवशी आठवा होता, तेव्हा टोकोत भालाफेकीचा विषय काढलात तर गप्पा लांबणार हे धरून चाला.

वडिलांचे गुडघे दुखतात, वाळूत चालणं जमणार नाही. त्यांच्यासाठी दुसरं एखादं शांत गाव? (कुमठा नाका)

टोबॅगोच्या ईशान्य टोकावरचं शार्लटव्हिल पाहा. मॅन-ओ-वॉर उपसागराच्या काठावर वसलेलं कोळ्यांचं गाव, रस्ता थेट पाण्याजवळ येतो, बसल्या जागी होड्या आणि मासे उतरवणं बघता येतं. वाटेतलं मेन रिज जंगल १७७६ पासून कायद्याने राखलेलं आहे. पोर्ट ऑफ स्पेनहून टोबॅगोला विमान अर्ध्या तासाच्या आत पोहोचतं. जहाजाला साडेतीन-चार तास लागतात आणि ते हलतं, त्यामुळे वडिलांसाठी विमानच बरं. पायरेट्स बे ही गावाजवळची सुंदर पुळण मात्र त्यांना सांगू नका, तिथे उतरायला बऱ्याच पायऱ्या आहेत. पियार्कोवरूनच जाणार असल्याने पिवळ्या तापाचं प्रमाणपत्र इथेही जवळ ठेवा. वडील साठीच्या पुढचे असतील तर त्याबाबत वर दिलेलं उत्तर वाचून आधी त्यांच्या डॉक्टरांना विचारा, तिकीट त्यानंतर.